खोट्या समुद्रातली खरी लढाई

आज हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही नाही. आज आपण दोन हजार वर्षं मागे, रोम शहरात जाणार आहोत. रोम म्हणजे आत्ताच्या इटली देशाची राजधानी. हे शहर समुद्राला लागून नाही, चांगलं २५ किलोमीटर आत आहे. टायबर नावाची एक नदी शहरातून वाहते. तर अशा या शहरातल्या राज्यकर्त्यांना हौस आली, की लोकांना समुद्रावरचं युद्ध दाखवायचं. त्यासाठी लोकांना समुद्रावर न्यायचं नाही, समुद्रच शहरात आणायचा.

या खेळाला नौमाखिया म्हणत. शब्द ग्रीक आहे. नौस म्हणजे जहाज आणि माखे म्हणजे लढाई. आपली 'नाव', आपली 'नौका' आणि त्यांचं 'नौस' हे एकाच जुन्या मुळातून आलेले शब्द आहेत, म्हणून तो तसा परका वाटत नाही. आपण ज्याला लुटूपुटूची लढाई म्हणतो, तसं याचं वरवरचं रूप. एका बाजूची माणसं अमक्या शहराची, दुसऱ्या बाजूची तमक्या शहराची, असं सोंग घ्यायचं. पण तलवारी खऱ्या, रक्त खरं आणि बुडणारा माणूस खरोखर बुडायचा. शाळेतल्या इतिहासात रोमचं राज्य, रोमचे रस्ते, रोमचे कायदे येतात. हा भाग येत नाही, आणि आला तरी एका ओळीत. म्हणून आज जरा निवांत बोलू.

रोममधला पहिला माहीत असलेला असा खेळ ज्यूलियस सीझरने केला, इ.स.पूर्व ४६ मध्ये. हा मोठा सेनापती. घरच्याच माणसांशी झालेलं यादवी युद्ध जिंकून आला होता आणि आता रोमचा खरा मालक तोच होता. त्याने विजयाच्या चार मिरवणुका काढल्या. त्या आनंदात नदीजवळच्या मैदानात एक मोठं तळं खोदलं, त्यात पाणी घेतलं आणि जहाजं सोडली. दोन रांगांत वल्हवणारे, तीन रांगांत वल्हवणारे, चार रांगांत वल्हवणारे, असली मोठी लढाऊ जहाजं. एक आरमार टायर शहराचं, दुसरं इजिप्तचं. अपियन नावाच्या इतिहासकाराने आकडा दिला आहे: ४,००० वल्हवणारे आणि दोन्हीकडचे मिळून २,००० लढणारे. लढणारे कोण? युद्धात पकडलेले कैदी आणि मरणाची शिक्षा झालेले गुन्हेगार.

बघायला गर्दी किती? बाहेरगावाहून आलेल्या लोकांनी गल्ल्यांमध्ये आणि रस्त्याच्या कडेला तंबू ठोकले. त्या दिवसांत चेंगराचेंगरी होऊन बरीच माणसं मेली. त्यात दोन सिनेटर, म्हणजे राज्यसभेतले मोठे लोकही होते, असं सुएटोनियस हा लेखक सांगतो. यात्रेतली चेंगराचेंगरी आपल्याकडेही होते. पण या दोन सिनेटरांमुळेच ती नोंद राहिली असं मला वाटतं. नुसती साधी माणसं मेली असती तर दोन हजार वर्षं कोणी लिहून ठेवलं असतं का?

याच सुमारास सीझरने आणखी एक काम केलं, आणि ते आपल्याला लगेच समजेल. रोममध्ये गरीब नागरिकांना सरकारकडून धान्य मिळायचं. त्या यादीत ३,२०,००० नावं होती. सीझरने घरमालकांकडून गल्लीगल्लीची मोजणी करून घेतली आणि यादी १,५०,००० वर आणली. म्हणजे निम्म्याहून जास्त नावं गळाली. त्यात खोटी नावंही असतील, कोण नाकारतं? पण एकीकडे धान्याची यादी कापायची आणि दुसरीकडे तळं खोदून जहाजं सोडायची, ही दोन कामं एकाच माणसाने एकाच काळात केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या खर्चावर बोललं कोण? सैनिक. सीझरने प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून वर रेशमाचे पडदे लावले होते. त्या काळी रेशीम पूर्वेकडून, फार लांबून यायचं आणि त्याची किंमत विचारायची सोय नव्हती. सैनिक भडकले आणि त्यांनी दंगा केला. पण माणसं मारली जातात याचा राग त्यांना नव्हता. हा पैसा आपल्याला का वाटला नाही, असा त्यांचा राग होता. सीझर स्वतः तिथे गेला, एकाला आपल्या हाताने धरलं आणि शिक्षेसाठी दिलं. मग दंगा थांबला.

त्या तळ्याचं आयुष्य फार नव्हतं. इ.स.पूर्व ४४ मध्ये सीझरचा खून झाला आणि पुढच्याच वर्षी इटलीत रोगाची मोठी साथ आली. तेव्हा सिनेटने ते तळं बुजवायचा हुकूम काढला. साचलेल्या पाण्याचा आणि रोगाचा काहीतरी संबंध आहे एवढं त्यांनाही कळत होतं.

त्यानंतर आला ऑगस्टस, सीझरचा दत्तक मुलगा आणि रोमचा पहिला सम्राट. त्याने इ.स.पूर्व २ मध्ये टायबर नदीच्या पलीकडच्या काठावर नवं तळं खोदलं. स्वतः केलेल्या कामांची यादी त्याने लिहून ठेवली होती आणि त्या यादीत या तळ्याचं मापही आहे: लांबी १,८०० फूट, रुंदी १,२०० फूट. त्यांचा फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लहान होता. मीटरमध्ये सांगायचं तर साधारण ५३३ मीटर लांब आणि ३५५ मीटर रुंद. आपल्या हिशोबाने जवळजवळ ४७ एकर.

आता मी वहीवर एक हिशोब केला, तो ऐका. त्या तळ्यात पाच फूट पाणी धरलं, तर ते सुमारे २८ कोटी लिटर होतं. १०,००० लिटरचा टँकर धरला तर २८,००० टँकर. उन्हाळ्यात ज्या गावात टँकर येतो आणि हंडे रांगेत लागतात, त्या गावातल्या बाईला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे पाणी आणायला ऑगस्टसने एक खास कालवा बांधला. रोमचे कालवे नावाजलेले होते, डोंगरातलं स्वच्छ पाणी मैलोनमैल वाहून शहरात येई. हा कालवा सुमारे ३३ किलोमीटरचा. तो एका तळ्यातून पाणी आणायचा आणि त्याचं नाव आल्सिएटिना. पुढे शंभरेक वर्षांनी फ्रॉन्टिनस नावाचा माणूस रोमच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी झाला. त्याने सगळ्या कालव्यांची तपासणी करून पुस्तक लिहिलं. त्यात या कालव्याबद्दल तो चकित झालेला दिसतो. हे पाणी चांगलं नाही, आरोग्याला बरं नाही, म्हणून लोकांना प्यायला कुठेच दिलं जात नाही, मग ऑगस्टससारख्या शहाण्या राजाने ते आणलं कशाला? त्याचं उत्तर त्यानेच शोधलं आहे: लढाईच्या तळ्यासाठी आणलं असावं, म्हणजे प्यायच्या पाण्यावर ताण नको. उरलेलं पाणी आसपासच्या बागांना आणि शेतीला सोडलं. इथवर ऑगस्टसचं कौतुकच करावं लागेल, प्यायचं पाणी त्याने खेळात घातलं नाही.

पण फ्रॉन्टिनस आणखी एक गोष्ट नोंदवतो. पुलांची दुरुस्ती निघाली की नदीपलीकडच्या वस्तीचं चांगलं पाणी बंद व्हायचं. मग तिथल्या सार्वजनिक हौदांना हेच पाणी सोडलं जाई. ती नदीपलीकडची वस्ती बऱ्याच गरिबांची, हमालांची, परगावाहून आलेल्यांची होती. म्हणजे अडचणीच्या दिवसांत खेळासाठी आणलेलं पाणी तिथल्या बायका भरून नेत होत्या. असं कोणी शब्दांत लिहिलेलं नाही, पण हौदावर पाणी भरायला कोण जातं हे आपल्याला माहीत आहे.

ऑगस्टसच्या खेळात ३० मोठी जहाजं होती, लहान वेगळी. मोठ्या जहाजांच्या नाकाशी धातूची चोच असायची, दुसऱ्या जहाजाच्या बरगडीत घुसवायला. वल्हवणारे सोडून सुमारे ३,००० माणसं लढली. या वेळी सोंग होतं इराणी आणि अथेन्सवाले यांचं. म्हणजे त्याच्याही पावणेपाचशे वर्षं आधी ग्रीसजवळच्या सलामिस बेटापाशी झालेली लढाई. खऱ्या लढाईत अथेन्स जिंकलं होतं आणि इथेही अथेन्सच जिंकलं.

सोंग नेहमी असं लांबचं असे. टायर, इजिप्त, अथेन्स, इराण, सिसिली, ऱ्होड्स. रोमची स्वतःची लढाई सहसा नाही. याचं कारण मला असं दिसतं, की रोमच्या नावाने उतरवलेली माणसं जर बुडाली असती तर लोकांना ते रुचलं नसतं. दुसऱ्याच्या गावाचं नाव दिलं की कोणीही हरलं तरी टाळी वाजवता येते.

ऑगस्टसने खेळ बघताना कोणी कुठे बसायचं याचे नियम केले होते. तलवारबाजांचे खेळ बघताना बायकांनी सगळ्यात वर, मागे बसायचं. देवीच्या मंदिरात अग्नी सांभाळणाऱ्या पुजारणींना तेवढी पुढे जागा. तळ्याकाठी मात्र बायका-पुरुष एकत्रच असावेत. कारण ओव्हिड या कवीने तरुण मुलांना सल्ला देताना हाच खेळ सांगितला आहे, की जगभरच्या मुली आणि मुलगे तिथे जमले होते, अशा ठिकाणी प्रेमात न पडणारा कोण? चार हातांवर माणसं बुडतायत आणि काठावर नजरानजर चाललीय. सिनेमाला जावं तसे लोक गेले होते.

आता सगळ्यात मोठ्या खेळाकडे येते. तो रोममध्ये झाला नाही. रोमच्या पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर डोंगरांच्या मधोमध फुचिनो नावाचं मोठं तळं होतं. त्या तळ्याला पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. पाऊस जास्त झाला की पाणी चढायचं आणि काठची शेतं बुडायची. तिथले मार्सी लोक ऑगस्टसकडे पुन्हा पुन्हा विनवणी करत होते की याचं पाणी काढून द्या. ऑगस्टसने काही मनावर घेतलं नाही. पुढे क्लॉडियस सम्राट झाला, त्याने घेतलं. त्यात शेतकऱ्यांचा कळवळा होता, तसा जमिनीवर डोळाही होता. मोकळी होणारी जमीन आम्हाला द्या, आम्ही आमच्या खर्चाने पाणी काढतो, असं म्हणणारे लोक तयार होते.

काम साधं नव्हतं. डोंगराच्या पोटातून साडेपाच किलोमीटरहून जास्त लांब बोगदा खणून पाणी पलीकडच्या नदीत सोडायचं. ३०,००० माणसं ११ वर्षं न थांबता राबली, असं सुएटोनियस लिहितो. हातोडा, छिन्नी आणि दिव्याच्या उजेडात. इ.स. ५२ मध्ये बोगदा तयार झाला. पाणी सोडायच्या आधी क्लॉडियसने ठरवलं, तळं जायच्या आत त्यावर एक लढाई होऊन जाऊ दे.

१९,००० माणसं जहाजांवर चढवली. हा आकडा टॅसिटसचा, रोमचा सगळ्यात काटेकोर इतिहासकार. १९,००० म्हणजे आपल्याकडची आठदहा बऱ्यापैकी मोठी गावं, पोराबाळांसकट. सगळे शिक्षा झालेले. ही सगळी माणसं मरण्याइतकी गुन्हेगार होती का, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. कोणी पळू नये म्हणून तळ्यात तराफ्यांचं कडं केलं होतं. त्यांवर सम्राटाचे पहारेकरी आणि लांबवर दगड, बाण फेकणारी यंत्रं. किनारे आणि भोवतालच्या टेकड्या माणसांनी भरून गेल्या, जणू नाटकगृहाच्या पायऱ्याच. क्लॉडियस सेनापतीच्या वेषात बसला होता. शेजारी राणी अग्रिपिना. तिच्या अंगावर निव्वळ सोन्याच्या तारांचं विणलेलं वस्त्र होतं, दुसरा धागाच नाही. प्लिनी नावाच्या लेखकाने ते स्वतः बघितलं आणि लिहून ठेवलं. तळ्याच्या मध्यातून यंत्राने चांदीचा ट्रायटन वर आला. ट्रायटन म्हणजे त्यांच्या समुद्रदेवाचा मुलगा. त्याने शिंग फुंकलं की लढाई सुरू.

त्याआधी एक गोष्ट घडली. जहाजांवरच्या माणसांनी सम्राटाला सलाम केला आणि म्हटलं, मरायला निघालेले आम्ही तुम्हाला वंदन करतो. अशा अर्थाचं काही. तुम्ही सिनेमात पाहिलं असेल, रोमचे तलवारबाज खेळाआधी हात वर करून असं म्हणतात. त्यांची ती रीतच होती असं सगळीकडे सांगतात. पण जुन्या ग्रंथांत हे वाक्य या एकाच प्रसंगात येतं, आणि ते म्हणणारे पटाईत तलवारबाज नव्हते, शिक्षा झालेले कैदी होते.

त्यावर क्लॉडियस दोनच शब्द बोलला: किंवा नाही. म्हणजे मराल, किंवा मरणारही नाही. त्याचा स्वभाव थोडा विनोदी, थोडा विसराळू. सहज बोलून गेला असेल. पण वर बसलेल्या माणसाचा सहज शब्द खाली सहज राहत नाही. मीटिंगमध्ये साहेब जाता जाता 'बघू, होऊन जाईल' म्हणतात आणि आपण तेवढ्यावर गवंडी ठरवून मोकळ्या होतो, तसंच. जहाजांवर बातमी पसरली, सम्राटाने माफी दिली! आणि त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. लढणार नाही म्हणाले.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती ही वेळ. १९,००० माणसं पाण्यावर उभी, टेकड्या प्रेक्षकांनी भरलेल्या, राणी सोन्यात, आणि कोणीच हलत नाही.

क्लॉडियस गोंधळला. सगळ्यांना जाळून, कापून टाकावं का, असा विचार त्याने केला. मग आसनावरून उठला आणि तळ्याच्या काठाने धावत सुटला. त्याच्या पायात अधूपणा होता, चाल लटपटती, लोक हसले असतील. कोणाला धमकी देतोय, कोणाला आशा दाखवतोय. शेवटी लढाई सुरू झाली. पण कॅशियस डिओ हा इतिहासकार सांगतो, की ती माणसं सुरुवातीला एकमेकांच्या रांगांतून नुसती जहाजं नेत राहिली आणि एकमेकांना होता होईल तितकी कमी इजा करत राहिली. त्यांची ओळख नव्हती. बरेचजण वेगवेगळ्या मुलखांतले असणार. तरी प्रत्येकाने समोरच्याला वाचवायचा प्रयत्न केला. ते चालू दिलं गेलं नाही, एकमेकांना मारायची जबरदस्ती झाली. टॅसिटस लिहितो, गुन्हेगार असूनही ते शूरांसारखे लढले आणि खूप रक्त सांडल्यावर उरलेल्यांना जीवदान मिळालं. किती उरले, कोण उरले, कुठे गेले, एकाचंही नाव नाही. चांदीच्या ट्रायटनची नोंद आहे.

आणि त्या बोगद्याचं काय झालं? खेळ संपला, पाणी सोडलं, तर बोगदा पुरेसा खोलच खणलेला नव्हता. पुन्हा काम काढावं लागलं. पुढच्या वेळी पाण्यावर पूल घालून तलवारबाजांचा खेळ ठेवला आणि पाणी बाहेर पडतं तिथेच मेजवानी मांडली. पाणी सुटलं ते इतक्या जोरात की जवळचं सगळं वाहून गेलं आणि जेवणारे घाबरून उठले. अग्रिपिनाने तिथल्या तिथे कामावरच्या नार्सिससवर आरोप केला, याने पैसे खाल्ले. त्यानेही तिला उलट सुनावलं. सरकारी कामाच्या उद्घाटनाला असं भांडण दोन हजार वर्षांपूर्वीही होत होतं, एवढंच म्हणते.

ज्या प्लिनीने अग्रिपिनाचं सोन्याचं वस्त्र पाहिलं, त्यानेच एक तक्रारही लिहून ठेवली आहे आणि ती थेट आपल्यापर्यंत येते. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी आपले दहा कोटी नाणी घेऊन जातात, आपली चैन आणि आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात, असा त्याचा सूर. मिरी, मोती, तलम कापड रोमला जात होतं. आपलं सोपारा, कल्याण ही तेव्हाची बंदरं, आणि पैठण, तेर इथून माल घाटाखाली उतरे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमची कांस्याची मूर्ती सापडली, ती समुद्रदेव पोसायडनची, म्हणजे त्या ट्रायटनच्या बापाची. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती बघता येते, सहल काढलीत तर जरूर बघा. सांगायचं एवढंच, की खजिना रिकामा होतो तो बायकांच्या मोत्यांनी, असं प्लिनीने हिशोबात धरलं. त्या जमाखर्चात ४७ एकराचं तळं आणि चांदीचा ट्रायटन त्याने बायकांच्या मोत्यांशेजारी मांडले नाहीत.

अग्रिपिनाचं पुढे काय झालं ते ऐका, कारण तेही जहाजाचंच आहे. तिचा मुलगा नीरो क्लॉडियसनंतर सम्राट झाला. तोही या खेळांचा शौकीन. लाकडी प्रेक्षागृहात त्याने खारं पाणी भरलं, त्यात समुद्रातले प्राणी सोडले, जहाजांची लढाई केली. मग पाणी काढून त्याच जागी पायदळाची लढाई. त्या काळच्या एका खेळात असं एक जहाज होतं जे आपोआप दुभंगे, त्यातून जनावरं बाहेर पडत आणि ते पुन्हा मिटे. डिओ म्हणतो, त्यावरूनच नीरोला कल्पना सुचली. आई त्याला डोईजड झाली होती. इ.स. ५९ मध्ये त्याने तिच्यासाठी तसंच मोडणारं जहाज बनवून घेतलं, प्रेमाने निरोप दिला आणि तिला रात्री समुद्रावर पाठवलं. जहाज मोडलं, पण नीट बुडालं नाही. अग्रिपिनाबरोबर असलेली एक बाई ओरडली, मीच अग्रिपिना, मला वाचवा. खलाशांनी तिला वल्ह्यांनी मारून टाकलं. खरी अग्रिपिना गप्प राहून पोहत निघाली आणि घरी पोचली. पण मुलाने मारेकरी घरी पाठवले. खेळातलं यंत्र घरात आलं ते असं.

पुढचं थोडक्यात. इ.स. ८० मध्ये टायटस सम्राटाने रोमचं ते प्रसिद्ध लंबगोल प्रेक्षागृह, कोलोसियम, खुलं केलं. शंभर दिवस खेळ चालले. त्यात कोलोसियममध्येच पाणी भरून जहाजं लढवली. तेव्हा त्याच्या जमिनीखालची भुयारं झालेली नव्हती, म्हणून ते जमलं. भुयारं झाल्यावर असे खेळ तिथे होणं शक्य नव्हतं. ऑगस्टसच्या जुन्या तळ्यातही एक लढाई ठेवली, अथेन्सविरुद्ध सिराक्यूज. इथे एक गंमत आहे. खऱ्या इतिहासात इ.स.पूर्व ४१३ मध्ये अथेन्सचं आरमार सिराक्यूजपाशी पार धुळीला मिळालं होतं. तळ्यातल्या लढाईत मात्र अथेन्सवाले जिंकले. म्हणजे कोण जिंकणार हे आधी ठरलेलं नसे. नाव नाटकाचं, पण जो मारील तो जगेल.

टायटसचा भाऊ डोमिशियन याने नदीजवळ आणखी एक तळं खोदलं. त्या खेळात लढणारे जवळपास सगळे मेले. मध्येच वादळ आणि जोराचा पाऊस आला. डोमिशियनने कोणालाही उठून जाऊ दिलं नाही. स्वतः मात्र लोकरीचे जाड झगे बदलत बसला. प्रेक्षक भिजून गारठले, बरेच आजारी पडले, काही मेले. मग समजूत म्हणून सगळ्यांना रात्रभर जेवण घातलं. तोवर बघणारा आणि लढणारा यांच्यात तटबंदी होती. त्या दिवशी काठावरच्यांनाही उठायची परवानगी नव्हती. पुढे त्या तळ्याचे दगड काढून घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दुरुस्त केलं गेलं.

असे खेळ पुढे कमी होत गेले. खर्च परवडेना हे मोठं कारण असणार. कित्येक शतकांनी, १५८९ मध्ये, फ्लॉरेन्सच्या राजघराण्याने लग्नात वाड्याच्या चौकात पाणी भरून जहाजांची लढाई दाखवली, पण ती खरोखर नाटकाची. आणि इंग्लंडमध्ये स्कारबरो गावातल्या बागेच्या तळ्यावर १९२७ पासून उन्हाळ्यात छोट्या जहाजांची लढाई होते. माणूस आत बसून चालवतो, फटाके वाजतात, पोरं टाळ्या पिटतात आणि संध्याकाळी सगळे घरी जातात.

फुचिनोचं तळं मात्र क्लॉडियसच्या बोगद्याने पूर्ण आटलं नाही. पुढच्या सम्राटांनी दुरुस्त्या केल्या, मग बोगदा गाळाने भरला आणि पाणी परत चढलं. १८७० च्या दशकात तोर्लोनिया नावाच्या धनिकाने नवा बोगदा काढून ते कोरडं केलं आणि सुमारे १५ हजार हेक्टर जमीन त्याच्या मालकीची झाली. राबणारे कुळं आणि शेतमजूर. १९५० मध्ये त्या मजुरांनी उलटा संप केला. कोणी न बोलावता कालवे, रस्ते साफ करायला गेले आणि मग मजुरी मागितली. चेलानो गावात गोळीबार झाला, दोन मजूर मेले. १९५१ मध्ये सरकारने जमीन काढून घेतली आणि कसणाऱ्यांना वाटली. आज त्या तळ्याच्या जागी बटाटा आणि गाजर पिकतं, आणि फुचिनोचा बटाटा इटलीत नाव सांगून विकला जातो.